मापाचा ब्लाऊज

डॉक्टरांनी विचारलं लालसाबचाचांना. मला नाही. मी समोर खुर्चीत बसलेली. अंगात हॉस्पिटलचा मागून नाड्या बांधायचा हिरवा झगा, झग्याच्या आत डॉक्टरांनीच दिलेली घट्ट बॉडी, आणि बॉडीत त्यांनीच स्वतःच्या हातानं बसवलेले दोन सिलिकॉनचे गोळे. आणि हा माणूस माझ्या डोक्यावरून दाराकडं बघत म्हणतो, "काय, कसं वाटतंय तुम्हाला? अजून थोडं मोठं घेऊ या?" दारात चाचा उभे. साठीचा माणूस, खाकी शर्ट, हातात माझी पिशवी. बाहेरच्या बाकावर बसले होते, तर नर्सनं 'पेशंटबरोबर कोण आहे' म्हणून त्यांना उठवून आत आणलं होतं. चाचा रिक्षा चालवतात. त्यांच्या बायकोचे, अकबरीभाभींचे कपडे आठ वर्षं मी शिवते, म्हणून लांब कुठं जायचं झालं की मी त्यांनाच फोन करते. एवढाच आमचा संबंध. चाचांनी एकदा माझ्याकडं बघितलं, मग मान खाली घातली आणि फरशीकडं बघत म्हणाले, "सायब, मी रिक्षावाला हाय. मला काय इचारता? टेलरबाईंनाच इचारा की." डॉक्टर हसले. "अच्छा, मला वाटलं..." काय वाटलं ते त्यांनी सांगितलं नाही. कागद ओढला आणि लिहायलाच लागले. चारशे सीसी. स्नायूच्या खाली. "तुमची छाती रुंद आहे. कमी घातलं तर काही केल्यासारखं दिसणारच नाही. आणि तुमच्यातल्या सगळ्यांना मोठंच हवं असतं. मागाहून कुरकुर नको." आणि यावर मी काय बोलले? मी म्हणाले, "बरं."

त्या 'बरं'चा मला डॉक्टरांपेक्षा जास्त राग आहे. जुळे सोलापुरात माझ्या चंद्रिका लेडीज टेलरच्या दुकानात कुणाचाही नवरा पडद्याच्या आत येत नाही. बाहेर मोगऱ्याच्या कुंडीजवळ प्लास्टिकचं स्टूल आहे, तिथं बसायचं. हा नियम मी केला, दुकान घेतलं त्याच दिवशी. कारण मी बघत आले होते, बाई माप द्यायला हात पसरून उभी असते आणि मागनं आवाज येतो, गळा एवढा नको, बाही कोपरापर्यंत घ्या, पाठ झाकू दे. बाई आपली गप्प. एकदा एक इंजिनिअरसाहेब पडदा सारून आत आले. मी टेप खाली ठेवली आणि म्हणाले, "साहेब, तुमचा शर्ट शिवायचा असेल तेव्हा या. आता बाहेर बसा." बसले की. गिऱ्हाईक तुटलं नाही, उलट त्यांची बायको आता बहिणीचेही ब्लाऊज आणते. कस्तुराबाई, माझ्याकडं हुक-काजाला असते ती, अजून हा किस्सा नव्या गिऱ्हाइकांना रंगवून सांगते. अशी मी. आणि माझ्या स्वतःच्या अंगाचं माप ठरत होतं तेव्हा मी एका रिक्षावाल्याला आत येऊ दिलं, आणि चारशे ऐकून बरं म्हणाले. गिऱ्हाईक म्हणून मीच दुकानात आले असते तर मी मला ओरडले असते.

आम्ही परत निघालो. रिक्षात बसताना मला दिसलं, त्यांनी समोरचा आरसा बाहेरच्या बाजूला वळवून ठेवला होता. मी त्यांना दिसू नये म्हणून. इतकी वर्षं मी त्या आरशातनं त्यांच्याशी बोलत आलेय. सिग्नलला थांबल्यावर म्हणाले, "टेलरबाई, मला आत बोलवलं हे अकबरीला सांगू नका. लई हसंल ती." मला हसू आलं. त्या खोलीत एकट्या याच माणसाला कळलं होतं की प्रश्न कुणाला विचारायचा असतो. बारा वर्षं शिकलेल्याला ते कळलं नाही. छातीला अजून ती बॉडी असल्यासारखं वाटत होतं. काढून दिली होती मी, नर्सच्या ट्रेमध्ये ठेवली होती, तरी काखेखाली तिचा पट्टा रुततच होता. त्याच ट्रेमध्ये माझ्या गळ्यातली इष्टलिंगाची चांदीची डबी पडली होती. ती काढताना नर्स म्हणाली होती, "हे तुम्ही लोक पण घालता?" तान्ही असल्यापासून माझ्या गळ्यात आहे ती. मी तिथंही गप्पच बसले होते. आज काय झालं होतं माझ्या तोंडाला कुणास ठाऊक. नर्सनं फॉर्म भरला, नाव विचारलं, वय विचारलं, पत्ता विचारला, आणि 'व्यवसाय' आला तेव्हा न विचारता एक आडवी रेघ मारली. मी बघत होते. आमच्यातल्या काय करतात ते तिला जणू पाठच होतं.

रुंद छाती. हे मला डॉक्टरांनी सांगायला नको होतं. आमचे अप्पा, सिद्धलिंगप्पा, आमच्या कुंभारी गावात शिंपीकाम करायचे, नेहरू शर्ट आणि पायजमे. मी सोळा वर्षांची असताना, म्हणजे घरचे मला मुलगा समजत होते तेव्हा, त्यांनी मला उन्हात अंगणात उभं केलं आणि पहिल्यांदा माझं मोठ्या माणसासारखं माप घेतलं. टेप पाठीवर ठेवून मोठ्यानं ओरडले, "भुज हदिनेंटु." खांदा अठरा. गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. आणि अव्वाकडं, म्हणजे आईकडं बघून म्हणाले, "नन्न मग." माझा मुलगा. सिद्धलिंगप्पांना आयुष्यात इतकं खूश झालेलं मी परत बघितलं नाही. अव्वा चुलीपाशी भाकरी थापत होती, तिनं मान वर केली आणि माझं तोंड बघितलं, आणि परत खाली घातली. तेव्हाच तिला कळलं होतं. माझी खात्री आहे, तेव्हाच. त्या अठराचं मी काही करू शकत नाही. हाड आहे ते. हार्मोनच्या गोळ्या सुरू करून तीन वर्षं झाली, कातडी मऊ झाली, छातीवर वाटीच्या झाकणाएवढं काही उगवलं, पण खांदा अठराच आहे. मी स्वतःचे ब्लाऊज शिवते तेव्हा खांद्याची शिलाई आत सरकवते, गळा रुंद धरते, नजर मधे येते. ते मला जमतं, तो माझा धंदा आहे. पण डॉक्टरांनी छातीला कंपासासारखं ते लोखंडी मोजमापाचं लावून नर्सला ओरडून आकडे सांगितले ना, तेव्हा मला अंगणातलं ऊनच आठवलं. दोन पुरुषांनी माझं माप मोठ्यानं ओरडून सांगितलं. दोघांनी मला काय हवं ते विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी इस्त्री करताना मी डावा हात छातीवर ठेवला आणि उजव्यानं इस्त्री रेटली. हाताखाली स्नायू दगडासारखा घट्ट झाला. परत रेटली. परत घट्ट. दिवसातनं किती वेळा मी ती इस्त्री रेटते, मोठी कात्री चालवते, चार पदरी कापड एका दमात कापते. याच्या खाली काहीतरी बसवणार, मग ते हलेल ना? वर सरकेल ना? की नाही हलत? वर बसवलं तर काय होतं? मला माहीत नव्हतं, कारण मी विचारलंच नव्हतं, आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. कसं सांगतील, व्यवसायात रेघ होती. ज्या माणसाला मी दिवसभर हातानं काय करते हे माहीत नाही तो माझ्या हाताखाली काय बसवायचं ते ठरवतो. कस्तुराबाई समोर हुक लावत बसली होती. मी छाती धरून इस्त्री करतेय बघून म्हणाली, "दुखतंय व्हय?" मी तिला सगळं सांगितलं. चाचांना विचारलं तेही. तिनं सुई दातात धरली. मग म्हणाली, "तुमी त्या डाक्टरला भाईर स्टुलावर बसवायचं हुतं की."

कस्तुराबाई कुंभारीची. आमच्याच गल्लीतली. रोज सकाळी येते आणि संध्याकाळी परत जाते, आणि वर्षातनं दोनदा, दिवाळीआधी आणि श्रावणात, एक गाठोडं आणते. गाठोड्यात अव्वाचे ब्लाऊजपीस आणि वर अव्वाचा मापाचा ब्लाऊज. निरोप नाही. मी घर सोडलं त्याला अकरा वर्षं झाली, अप्पा गेले त्याला चार, त्यांच्या मातीला मला बोलावलं नाही, आणि माझी आई मल्लव्वा माझ्याशी बोलत नाही. पण शिवून माझ्याकडूनच घेते. गावात दोन टेलर आहेत. कुणी विचारलं तर म्हणते म्हणे, सोलापूरच्या बाईची शिलाई बरी असते. सोलापूरची बाई. मी तिची कोण, ते तेवढं तोंडातनं निघत नाही तिच्या. मापाचा ब्लाऊज ठेवायची रीत सगळ्याच बायकांची असते, जो अंगाला नीट बसला तो जपून ठेवायचा आणि टेलरला द्यायचा, याच्यावर घ्या म्हणून. स्वतः यायला नको. अव्वाला ही रीत चांगलीच सोयीची पडली. तो ब्लाऊज मी इतक्या वेळा टेबलावर पसरलाय की आईचं अंग मला तिच्या तोंडापेक्षा जास्त ओळखीचं झालंय. आधी छत्तीस होती, मग अप्पा गेल्यावर चौतीस. कटोरी लहान, उथळ, थोडी बाहेरच्या बाजूला. मधे चांगलं दोन बोटं अंतर. तिच्या आईचंही तसंच होतं, मी लहानपणी न्हाणीत दोघींच्या पाठी चोळल्यात. आमच्या घरातल्या बायकांना एवढंच असतं. यंदाच्या गाठोड्यात मात्र पीस दोन निघाले. एक नेहमीचा. दुसरा खणाचा, जांभळा, काठाला लाल, आणि त्याला माप लावलेलं नव्हतं. मी कस्तुराबाईला विचारलं, "हे कुणाचं?" ती म्हणाली, "मी त्यास्नी आपरेशनचं बोलले हुते. दुसऱ्या दिशी ह्ये घातलं गाठुड्यात. काय म्हणल्या न्हाईत." मी तो खण कपाटात आपटला. काय म्हणल्या न्हाईत. अगं, एक शब्द बोलली असतीस तर तुझं काय गेलं असतं? कापड पाठवतेस. कापडाला तोंड असतं का?

पण डोक्यातनं तो चारशेचा आकडा जाईना. चारशे म्हणजे किती? टेलर असून मला सीसीचं काही कळत नव्हतं, आम्ही इंचात जगतो. मी कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून बाळाची दुधाची बाटली आणली, तिच्यावर आकडे असतात. दुकानदारानं विचारलं, "किती महिन्यांचं बाळ?" मी म्हणाले, "अजून व्हायचंय." अस्तराच्या कापडाच्या गोल पिशव्या शिवल्या, बाटलीनं मोजून ज्वारी भरली, तोंडं शिवून टाकली. एक जोडी चारशेची, एक तीनशेची, एक अडीचशेची, एक दोनशेची. आणि एकेक जोडी बॉडीत घालून दुकान चालवलं. पहिल्या दिवशी चारशे. कापायला वाकले तर मला टेबलावरचं खडूचं निशाण दिसेना. कात्री आणि डोळ्यांच्या मधे ज्वारी. दुपारपर्यंत खांदे भरून आले, आणि एक गिऱ्हाईक बाई माझ्याकडं न बघता माझ्या छातीशीच बोलली, तिचं नाव घेणार नाही. आरशात बघितलं तर कुणीतरी दुसरीच उभी होती. वाईट नव्हती. पण ती डॉक्टरांच्या डोक्यातली होती, त्यांनी लॅपटॉपवर दाखवलेल्या फोटोंतली. तीनशेला निशाण दिसलं पण पट्टा रुतला. दोनशे इतकं कमी की माझ्या रुंद पाठीपुढं दिसेनाच, तेवढं डॉक्टरांचं खरं होतं. अडीचशे घातलं आणि मी सकाळपासून संध्याकाळपर्यंत विसरून गेले. संध्याकाळी कस्तुराबाई म्हणाली, "आज न्हाई घातलं व्हय?" घातलं होतं. तिनं परत बघितलं, आणि तिच्या तोंडातनं निघून गेलं, "मल्लव्वावानी दिसताय." मी पडद्याआड गेले आणि रडले, म्हणजे रागानंच. चारशेच्या जागी मला हेच हवं होतं, आणि हे सांगायला मला चार दिवस ज्वारी अंगावर वागवावी लागली. आरशात अठराच्या खांद्यावर अव्वाची छाती होती, म्हणजे अप्पा आणि अव्वा दोघांचं पोर. प्रत्येक मुलीला हे फुकट मिळतं.

कपाटातनं तो खण काढला. अव्वाचा मापाचा ब्लाऊज टेबलावर पसरला, कटोरी तिच्या मापानं घेतली, बाकी सगळं माझ्या. खांदा अठरा होता तेवढाच धरला, आत सरकवला नाही, लपवला नाही. मुंढा, म्हणजे बाही जोडतो तो घेर, मोकळा ठेवला. आजवर माझे ब्लाऊज मी कापूस भरून शिवले, बसेल तसे. मापाचा म्हणावा असा माझ्याकडं एकही नव्हता. शेवटचा हुक कस्तुराबाईनं लावला. तिनं हुक दोनदा टाचला.

पुढच्या मंगळवारी चाचांनी मला हॉस्पिटलच्या दारात सोडलं. आरसा सरळ होता. "मी भाईरच थांबतो," ते स्वतःहून म्हणाले. नर्स आली, पेशंटबरोबरच्यांना बोलवा म्हणाली. मी म्हणाले, "ते बाहेरच बसतील. आणि तो फॉर्म द्या जरा." तिनं दिला. व्यवसायाच्या रेघेवर मी लिहिलं, लेडीज टेलर, स्वतःचं दुकान. डबी काढायला तिनं हात पुढं केला तेव्हा मी ती स्वतः काढली आणि माझ्या मुठीत ठेवली. मग डॉक्टरांच्या टेबलावर, त्यांच्या सिलिकॉनच्या ट्रेशेजारी, मी पिशवीतनं जांभळा ब्लाऊज काढून पसरला. डॉक्टर म्हणाले, "हे काय?" मी म्हणाले, "माप. याच्यावर घ्या." ते म्हणाले, "असं कुणी आणत नाही हो इथं." मी म्हणाले, "माझ्याकडं सगळ्या आणतात."

त्यांना राग आला, ते दिसलं. म्हणाले, अडीचशेनं तुमच्या छातीवर मधे अंतर राहील, नंतर म्हणू नका. मी म्हणाले, राहू दे, माझ्या आईच्याही मधे आहे, आजीच्याही होतं, ही डबी तिथंच टेकते. मी मूठ उघडून दाखवली.  मग मी विचारलं, जे आधी विचारायचं होतं ते. "मी दिवसभर इस्त्री रेटते, कात्री चालवते. स्नायूखाली बसवलं तर हलणार का? खरं सांगा. आणि वर बसवलं तर काय?" आता त्यांनी खुर्ची पुढं ओढली. पहिल्यांदाच ते माझ्याकडं बघून बोलले. पूर्ण खाली बसवलं तर जोर लावताना हलतं, म्हणाले, तुमच्या कामात जास्तच. पूर्ण वर बसवलं तर तुमची कातडी पातळ, वरची कड दिसेल, सुरकुती उठेल. तिसरा मार्ग आहे, वरचा अर्धा भाग स्नायूखाली, खालचा मोकळा, तरीही थोडं हलणारच, आणि दीड महिना इस्त्रीला हात लावायचा नाही. मला लगेच कळलं. अस्तर आम्ही तसंच लावतो, वरून शिवलेलं आणि खाली मोकळं, म्हणजे कापड ओढलं जात नाही. मी म्हणाले, तसं करा. थोडं हललं तर चालेल, माझं आहे ते, मला माहीत असेल का हलतंय. आणि चीर छातीखालच्या घडीत घ्या, काखेत नको. काखेत मुंढ्याची शिलाई घासते, जन्मभर टोचत राहील. ते म्हणाले, "हे मागच्या वेळी का नाही बोललात?" आता याला काय सांगायचं? मी म्हणाले, "मागच्या वेळी तुम्ही रिक्षावाल्याला विचारलं." त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. माफी वगैरे काही मागितली नाही. पण मागच्या कागदावरचं चारशे मी त्यांच्यासमोर खोडलं आणि पेन त्यांच्याकडं सरकवलं, तेव्हा त्यांनी अडीचशे लिहिलं.

पडद्याआड जाऊन अडीचशेचे गोळे घालून मी ब्लाऊज चढवला. सगळे हुक लागले. एकही ओढला गेला नाही, मुंढ्यात चुणी पडली नाही. डॉक्टरांना दाखवला. त्यांनी लांबून बघितलं, जवळ येऊन विचारलं, "बघू का?" मी हो म्हणाले, मग त्यांनी घडीची रेघ बोटानं मोजली. म्हणाले, हा इथं ठेवून जा, ऑपरेशनच्या दिवशी टेबलावर तुम्हाला बसवून आम्ही बघतो, तेव्हा समोर असलेला बरा. नर्सनं तो घेतला आणि चादरीसारखी गुंडाळी करायला लागली. मी तिच्या हातातनं काढून घेतला, हुक लावले, बाह्या आत घेतल्या, अव्वा घालते तशी घडी घातली आणि फाइलवर ठेवला.

"मापाचा आहे तो," मी म्हणाले. "हरवू नका. मला परत घालायचाय."